आतली कडी

या, जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही.

मी कथेकरी नाही, सुतार आहे. हातात रंधा आणि कानाशी कीर्तन, असं आयुष्य गेलं. बुवांच्या कथा ऐकून मी हसतो, रडतो, मग घरी येऊन बायकोला सांगतो. दर वेळी थोडं पदरचं घालतो. ती ओळखते, पण बोलत नाही.

आज मात्र पदरचं काही नाही. देवाशपथ.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे. शनिवार होता. तीनला दहा कमी. बाहेर ऊन असं, की पत्र्याकडे बघवत नव्हतं.

अंधार होता, पण तो आम्ही आमच्या हातांनी केलेला.

माझ्या ताईच्या सासऱ्यांचा धुलाईचा कारखाना होता. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, सगळं तिथं धुवायला यायचं. बंद पडून वर्षं झाली. मशिनं भंगारात गेली, भिंती राहिल्या. ताईचे सासरे, त्यांना नातीसकट सगळे तात्या म्हणतात, रोज सकाळी किल्ली घेऊन तिथं जायचे आणि दारात खुर्ची टाकून बसायचे. उजव्या कानानं कमी ऐकू येतं त्यांना. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस. कमी बोलणारा.

आणि ताईची मुलगी, माझी भाची. लाडाचं नाव चिमणी. नावाला चिमणी, आवाज कोंबड्याचा. चोवीस वर्षांची, नाटकवेडी. लहानपणापासून दमा, पण दम कशातच नाही.

तिच्या डोक्यात आलं, त्या कारखान्यात गल्लीतल्या पोरांसाठी भूतबंगला करायचा. घरच्या घरी. प्लाय, काळं कापड आणि मामा, एवढ्या सामानात.

"मामा, मला हलणारी दारं हवीत."

"दारं हलतातच की. न हलणाऱ्याला भिंत म्हणतात."

"तसं नाही रे! आत आलेल्या माणसानं मागं वळून पाहिलं, तर त्याला वाटलं पाहिजे, आपण आलो तिथं दार नव्हतंच."

मला खरं सांगायचं तर काम आवडलं. इतकी वर्षं लोकांना आत-बाहेर जाता यावं म्हणून दारं केली. न सापडणारं दार कोणी मागितलंच नव्हतं.

तीन दारं केली. रुळावर बाजूला सरकणारी. बाहेरून दोरी ओढली की दार उघडायचं, सोडली की वाळूच्या पिशवीच्या वजनानं आपोआप बंद. आतून भिंतीसारखाच काळा रंग. फट अशी बुजवली की नखसुद्धा जाणार नाही. मग बाहेरच्यानं कडी लावायची. आतल्यानं कितीही चाचपलं तरी भिंतच.

कडीही माझ्याच डोक्यातली. दारातून आरपार एक लोखंडी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोल पितळी कडी. कोणत्याही बाजूची कडी फिरवा, अडसर उचलला जाणार. आत कोणी घाबरलंच, तर त्याला आतून सुटता यावं म्हणून.

बाहेरच्या तिन्ही कड्या बसवल्या.

आतल्या तीन राहिल्या. पितळ अंधारात चमकलं असतं, म्हणून त्यांना आधी काळा रंग द्यायचा होता. रंग द्यायचा राहिला, म्हणून बसवायच्या राहिल्या. तिन्ही कड्या आणि त्यांचे बारके स्क्रू माझ्या खिशात खुळखुळत होते.

चिमणी रोज आठवण करायची. "मामा, आतून कडी लाव हं. विसरशील."

"उद्या," मी म्हणायचो.

सुताराचा उद्या म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पहिली दोन दारं आम्ही उभ्या केलेल्या बोळात होती. तिसरं मात्र खऱ्या खोलीला. कारखान्याच्या मागच्या अंगाला कपडे वाळवायची खोली होती. पाच पावलं लांब, चार पावलं रुंद. खिडकी नाही. भिंतींवरून वाफेच्या नळ्या गेलेल्या. त्या कधीच्या कापून टाकलेल्या, नुसती टोकं उरलेली.

त्या खोलीला दार नव्हतं. कधीकाळी होतं. बिजागऱ्यांच्या जागी कोणीतरी सिमेंट भरून टाकलं होतं.

मी माप घेऊ लागलो तसे तात्या खुर्चीवरून उठून आले.

"मिस्त्री, या खोलीला दार नको."

"का हो तात्या?"

"हवा खेळती राहते."

"अहो, भूतबंगल्यात हवा कशाला खेळवायची? भुतं खेळवू की."

तात्या हसले नाहीत. माझ्या हातातल्या टेपकडे बघत राहिले आणि गेले.

आजही वाटतं, तेव्हा एकदा नीट विचारायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी मी त्या चौकटीशी एकटाच होतो. फोनवर कीर्तन चालू. बुवांनी आख्यान लावलेलं. दार रुळावर चढवलं, बाहेरची कडी बसवली, फिरवून पाहिली. तेवढ्यात आतून आवाज आला.

...कडी लाव रे.

हळू. दमलेल्या माणसासारखा.

मी मान न वळवता म्हटलं, "लावतो गं बाई. उद्या नक्की."

"कोणाशी बोलतोयस, मामा?"

चिमणी माझ्या मागं उभी होती. बाहेरून आत आलेली. हातात चहाचे दोन कप.

मी दार सरकवून आत पाहिलं. नळ्यांची टोकं. सिमेंटची जमीन. बाकी काही नाही.

फक्त वास आला... साबणाचा. गरम ओल्या कापडाचा.

जुन्या भिंतीत वास मुरतात, असं मी मनाला सांगितलं. माणूस मनाला काहीही सांगू शकतो.

शनिवारी चाचणी होती. पोरं संध्याकाळी येणार होती. चिमणीला तेवढा धीर कुठला!

"आपण तिघंच करून बघू. मामा माझ्याबरोबर आत. तात्या, तुम्ही मागून येत दोऱ्या ओढायच्या आणि कड्या लावायच्या."

"मला नको त्यात घेऊ," तात्या म्हणाले.

"तात्या, प्लीज. तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

नातीनं असं म्हटल्यावर कोणता आजोबा नाही म्हणेल? उठले बिचारे.

तिचा एक नियम होता. आत मोबाइल नाही. उजेड असला की भीती कळत नाही म्हणे. तिनं तिचा फोन पिशवीत टाकला. मी माझा बाकावर ठेवला, पण कीर्तन बंद नाही केलं. ऐन रंगात आलेले बुवा कोण बंद करणार?

तिचा दम्याचा पंपही त्याच पिशवीत राहिला. हे आम्हाला नंतर कळलं.

आत शिरलो. मागं पहिलं दार सरकलं. खट. कडी लागली. मी हात फिरवला. भिंत. अगदी सपाट.

"जमलं रे मामा!" चिमणी अंधारात नाचलीच.

दहा पावलांवर दुसरं. खट. तेही झकास. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

मग तिसरं. आम्ही वाळवणीच्या खोलीत पाऊल टाकलं. दार मागं सरकत आलं. वाळूची पिशवी बाहेर धपकन बसली.

खट.

ठरलं असं होतं, की मी दोनदा ठोठावलं की तात्यांनी उघडायचं.

मी दोनदा ठोठावलं.

काही नाही.

पुन्हा दोनदा. मग चारदा.

"तात्या! उघडा!"

"कमी ऐकू येतं त्यांना," चिमणी म्हणाली. "डावीकडून ओरड." आणि हसली.

मी ओरडलो. दोघं मिळून ओरडलो. बाहेरून फक्त माझं कीर्तन ऐकू येत होतं, प्लायमधून गाळून आल्यासारखं. टाळ, मग बुवांचा आवाज, मग टाळ.

आणि मग... ते थांबलं. एका शब्दाच्या मध्यावर.

इतकी शांतता मी कधी ऐकलेली नाही. आपण खोलीत आहोत असं वाटेना. पेटीत आहोत असं वाटलं. आणि ती पेटी माझ्याच हातची! एक फट सोडली नव्हती मी. एक खिळा बाहेर ठेवला नव्हता. चाळीस वर्षांची कारागिरी माझ्या तोंडावर दार लावून उभी होती.

"मामा, गरम होतंय."

होत होतं. मला वाटलं घाबरल्यानं. मी भिंतीला हात टेकला.

नळीच्या टोकाला हात लागला... आणि चटका बसला.

कापलेली नळी. तिच्यात काही असायचं कारणच नव्हतं.

मागं कोपऱ्यात आवाज झाला. तुम्ही ऐकला असेल कधी. ओली चादर दोन हातांनी झटकली की होतो तसा.

...फाट्.

थेंब माझ्या मानेवर उडाले. कोमट.

"मामा... तू केलंस ते?"

"नाही."

तिचा श्वास वाजायला लागला होता. बारीक शिट्टी. तो आवाज मी तिच्या लहानपणापासून ओळखतो. ताईनं रात्र रात्र तिला मांडीवर बसवून काढल्यात त्या शिट्टीपायी.

"पंप?"

"...पिशवीत."

मी तिला दाराशी खाली बसवलं. पाठ दाराला टेकवली. "बोलू नकोस. हळूहळू श्वास घे. देवाचं नाव घे."

ती घेत होती. मी मोजत होतो. माझा श्वास एक. तिचा शिट्टीचा दुसरा.

आणि तिसरा...

तिसरा कोपऱ्यातून येत होता. लांब, जड. कष्टाच्या माणसाचा.

"कडी लाव रे, बाळा."

अगदी कानाशी.

पन्नाशी उलटलेल्या मला बाळा कोण म्हणणार? आई जाऊन वीस वर्षं झाली.

आणि बाहेर, त्याच क्षणी, कडी उचलल्याचा आवाज आला. मी दारावर झडप घातली. पण धरायला काही नव्हतंच. तळवे काळ्या रंगावरून घसरले.

खट.

कडी पुन्हा लागली.

"तात्या!"

"कडी लाव रे."

उचलली. खट.

"कडी लाव."

खट.

ती सांगत होती आणि बाहेर कोणीतरी ऐकत होतं. दर वेळी. आज्ञाधारक पोरासारखं. लागलेली कडी उचलून पुन्हा लावत होतं. आणि आमचा आवाज मात्र पोहोचत नव्हता.

चिमणीची शिट्टी आता तुटक झाली होती. तिनं माझी विजार मुठीत धरली होती. ती मूठ सैल पडत चालली.

मी हात जोडले. अंधारात, त्या कोपऱ्याकडे तोंड करून. म्हटलं, "माउली, जी कोण असशील ती. मला ठेव. पोरीला जाऊ दे. कडी लावायला का सांगतेस गं?"

आणि हात जोडताना कोपर खिशाला लागलं.

खुळ्ळ.

तीन कड्या.

अहो, माझ्या अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. कडी लाव! दार बंद करणाऱ्याला सांगितलं तर त्याचा एक अर्थ. सुताराला सांगितलं तर दुसरा. चार दिवस माझी भाची मला हेच सांगत होती, ह्याच शब्दांत, आणि मी उद्या उद्या करत होतो.

ती बंद कर म्हणत नव्हती. ती बसव म्हणत होती. आतून.

मी बोटांनी दांड्याचं भोक शोधलं. टोक आत होतं, चिमटीत येत नव्हतं. कडीचा खुंट त्यात सारला. बसला. आता एक स्क्रू. एवढासा. तो आवळला नाही तर कडी नुसती गरगर फिरणार.

हात घामानं ओले. स्क्रू निसटला. टिणिंग्... आणि घरंगळत गेला.

दुसरा काढायला खिशात हात घातला. हाताला काही लागेना. खिशाच्या भोकातून बाकीचे स्क्रू कधीच गळले होते.

मी गुडघ्यांवर बसून जमीन चाचपू लागलो. लाजत नाही सांगायला, रडत होतो. धूळ, भुसा, पुन्हा धूळ.

तेवढ्यात कोणीतरी माझा हात धरला. उताणा केला. आणि तळहातावर स्क्रू ठेवला.

गरम होता. उन्हात पडलेला उचलावा तसा.

"शाब्बास पोरी," मी म्हटलं.

पेचकस नव्हता. घराच्या किल्लीच्या कडेनं स्क्रू आवळला. एक पेच. दोन. तीन. किल्ली वाकली, पण स्क्रू बसला.

कडी धरली. फिरवली.

बाहेरून कोणी अडवलं नाही. अडसर उचलला गेला. मी कडीला लटकून दार ओढलं आणि उजेड असा आत आला, की कोणी बादलीनं ओतावा.

चिमणीला उचलून बाहेर आणलं. बोळाच्या दोन्ही दारांतून नाही. शेजारची प्लायची फळी लाथ मारून पाडली. माझीच फळी. पंप दिला. एक, दोन, तीन झुरके. रंग परत आला तिचा. म्हणाली, "मामा, तुझं काम... लई पक्कं आहे रे." आणि रडायला लागली.

बाकावर फोनवर कीर्तन चालूच होतं. ते थांबलंच नव्हतं. घड्याळात तीन वाजत होते. दहा मिनिटं. फक्त दहा.

तात्या तिसऱ्या दाराशी जमिनीवर बसले होते. उजवा हात अजून हवेत, कडी धरल्यासारखा.

मी संतापलो होतो. मोठं माणूस, ताईचे सासरे, सगळं विसरलो. "तात्या, आम्ही उघडा उघडा ओरडतोय, पोर मरत होती आत!"

"मला 'उघड' ऐकू आलंच नाही, मिस्त्री." तात्या म्हणाले. "मला फक्त 'लाव' ऐकू येत होतं."

मग म्हणाले,

"त्या दिवशीही एवढंच ऐकू आलं होतं."

तात्या तेव्हा पंचविशीचे. कारखाना त्यांच्या वडिलांचा. वाळवणीच्या खोलीत एक बाई काम करायच्या. चादरी झटकायच्या, दोरीवर टाकायच्या. दाराला कडी एकच, बाहेरून. त्या महिनाभर मागं लागल्या होत्या, आतूनही एक बसवून दे, कधी कोंडले जाईन. तात्या म्हणायचे, उद्या.

एका दुपारी तात्या जेवायला निघाले होते. घाईत. कानात मशिनचा घरघराट. त्या खोलीवरून जाताना आतून हाक आली. कडी लाव रे, बाळा.

त्यांनी लावली.

वाफ चालू होती. ते दीड तासानं परत आले.

"लोकांना सांगितलं, कडी आपोआप पडली असेल," तात्या म्हणाले. "पन्नास वर्षं सांगतोय. बापालाही तेच सांगितलं. बायकोलाही."

मी विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

तात्या म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसे रडले.

"सगळे मावशीच म्हणायचो हो."

चिमणी तोवर सावरली होती. मी तिला जवळ घेतलं. "तू नसतीस तर जमलं नसतं. एवढ्या अंधारात स्क्रू शोधून दिलास."

"कुठला स्क्रू?" ती म्हणाली. "मला हातही उचलता येत नव्हता, मामा."

संध्याकाळी पोरांना दोनच दारांचा भूतबंगला दाखवला. त्या दोन्हींना आधी आतल्या कड्या बसवल्या, न रंगवताच. पितळ चमकलं तर चमकलं.

सोमवारी मी तिसरं दार उतरवायला गेलो. शनिवारी मी ते सताड उघडं सोडून, दोरी खुंटीला बांधून आलो होतो.

ते बंद होतं.

दोरी खुंटीवरून सोडलेली. नीट गुंडाळून ठेवलेली, धुतल्या कपड्याची घडी घालावी तशी.

मी पुढं झालो, आणि माझ्या डोळ्यांदेखत बाहेरची कडी हळूच फिरली. कोणी आतून फिरवावी तशी. अर्धा फेरा गेली. पुन्हा जागेवर आली.

नुसतं, चालते का ते बघितल्यासारखं.

मी बराच वेळ थांबलो. मग दार सरकवलं. आत कोणी नव्हतं. मी आतली कडी हातात घेऊन पाहिली. परवा बसवलेली, दुकानातून आणली तशी खरखरीत कडी. तिच्या जोडीच्या दोन कड्या पहिल्या दोन दारांवर होत्याच, त्यांच्यावर अजून कानशीचे ओरखडे दिसत होते.

ही मात्र झिजली होती. गुळगुळीत. एका बाजूनं पातळ झालेली. पन्नास वर्षं एकाच तळव्यानं रोज फिरवावी तशी.

दार मी उतरवलं नाही. माझ्यानं हात लावला गेला नाही. तात्या अजून रोज किल्ली घेऊन जातात, पण आता खुर्ची त्या दाराशी टाकतात. डावा कान दाराकडे करून बसतात.

त्या दुपारी ती आम्हाला कोंडत होती की सोडवत होती, हे मला अजून सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी विचार केला. झोप दोन्ही बाजूंनी लागत नाही.

रोज रात्री बायको आतल्या खोलीतून हाक मारते, "अहो, कडी लावा." साधी गोष्ट. पण माझा हात कडीवर थबकतो. मी आधी बघून येतो, ती हाक तिचीच होती ना.

बसलात, ऐकलंत, बरं वाटलं. आता एकच मागणं आहे. आज घरी जाल, दार लावाल. कडीला हात घालण्याआधी एकदा आत हाक मारा, कोणी आहे का गं? आणि उत्तर आलं नाही तरी क्षणभर थांबा.

तिचं नाव कोणालाच माहीत नाही. मावशी म्हणा, चालेल. पण आठवण काढा.